काचेपलीकडचे ओठ

भनपुरी, रायपूर
१७ नोव्हेंबर २०२४

सरला,

जय भीम. पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते उघडणारच नाही असं वाटलं, म्हणून पत्ता आपल्या मोनालीकडून लिहून घेतला. आता उघडलंच आहे तर पुरं वाच.

मी बरा आहे. मागच्या वर्षी रिटायर झालो. सिलतऱ्याची लोखंडाची मिल सुटली, पण तिचा आवाज डोक्यातून सुटला नाही. बाहेरचं काही ऐकू येत नाही अन् आतमधी रोलिंग चालूच आहे. डावा कान तर तू घरी होती तेव्हाच गेला होता, उजवाही त्याच्या मागं गेला. कानाले मशीन लावून पाहिली. भांडं पडलं तर कळते, माणूस बोलला तर नाही कळत.

हे रडगाणं सांगाले बसलो नाही. शनिवारी मी सिनेमा पाहून आलो, ते सांगाचं आहे. हस. मीही हसलो होतो.

मोनाली आली होती. तुझी पोट्टी मराठी सगळी समजते पण बोलते हिंदीत, अन् माझ्यासाठी आता लिहितेही हिंदीत. तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. "बाबा, बूढ़ापारा में एक फ़िल्म दिखा रहे हैं. नब्बे साल से भी पुरानी. मूक है."

मी म्हटलं, "मले तर सगळेच मूक आहेत. मंग हाच काहून पाहू?"

तिनं लिहिलं, "इसमें किसी को कुछ सुनाई नहीं देगा."

मी म्हटलं, हव.

तलावाजवळच्या गल्लीत स्कूटर लावाले जागा नव्हती, एवढी गर्दी. म्हातारे होते, कॉलेजचे पोट्टे होते. पडद्याच्या बाजूले एक पेटीवाला अन् एक तबलावाला बसला होता. मी म्हटलं, म्हणजे या लोकांले काहीतरी ऐकू येणारच. पण खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला तर तबल्याची थाप बोटाले लागत होती. तेवढा तबला मलेही मिळाला.

सिनेमाचं नाव 'चंदनहोडी'. बोलपट येण्याच्या जरा आधीचा, १९३० चा. आपल्याच मराठी मुलखातल्या कुठल्याशा कंपनीनं काढलेला अन् मंग बंद पडलेली ती कंपनी. कोणाच्या तरी गोदामात डबे सापडले, त्यातून जेवढा वाचला तेवढा साफसूफ केलेला. मधेमधे पडद्यावर पांढरे डाग उठतात, फुटाणे फुटल्यासारखे. नावं लिहिलेली फिल्लम जळून गेली आहे, म्हणून हिरॉईन कोण, हे कोणालेच माहीत नाही. सावळी, रुंद कपाळाची, डोळे जरासे मोठे. तुले पाहाले आवडली असती.

गोष्ट साधी आहे. ती नावाड्याची पोरगी. बाप आजारी, म्हणून होडी तीच चालवते. जहागीरदाराचा पोरगा रोज नदीपलीकडे शिकाले जाते, अन् हळूहळू वेळ नसतानाही जाऊ लागते. एक दिवस सकाळपासून तो नुसता इकडून तिकडे अन् तिकडून इकडे करून राहिला आहे, अन् ती दर वेळी हात पुढं करते अन् गंभीर तोंडानं उतराई, पार नेल्याचे पैसे, घेते. सगळा हॉल हसला. मीही हसलो. सरला, तुले सांगतो, सगळ्यांच्या बरोबर, त्याच टायमाले मी हसलो, असं कितीक वर्षांनी झालं! एरवी लोक हसून घेतात, मंग माझ्याकडे पाहतात, मंग मी हसतो. तसं नाही झालं. डोळ्यांत पाणी आलं, अन् मोनालीले वाटलं की हसूनच आलं.

मिलमधी आवाजात कोणालेच ऐकू येत नाही, सगळे एकमेकांचे ओठ पाहतात, हे तुले माहीत आहे. तीच सवय मंग मले पुरली. तर झालं काय, की मी या हिरॉईनचेही ओठ पाहू लागलो. ती चांदण्यात होडीत उभी आहे, मधी पडद्यावर लिहिलेली पाटी येते, हिंदीत, "प्राणनाथ, तुम बिन यह नदी सूनी है." अन् तिचे ओठ म्हणून राहिले, "लवकर आटपा हो, पाय पोळून राहिले." भर दुपारी उन्हात उभं करून चांदणं दाखवलं असेल त्यांनी! मी मोठ्यानं हसलो. आसपासचे वळून पाहू लागले. मोनालीनं कोपर मारला. तिले सांगितलं तर तिले खरं नाही वाटलं.

आता ज्यासाठी लिहून राहिलो, ते.

पोराचा बाप पोराले दूर शहरात धाडते. नदीच्या काठावर दोघं निरोप घेतात. तो काही बोलते. ती एकच शब्द बोलते. मी वाचला, "मर."

मी खुर्चीतच दचकलो. एवढं प्रेम, अन् मर म्हणते? मंग पाटी आली. "अच्छा. जाइए." अन् तिचा चेहरा पुन्हा दिसला, डोळे भरलेले, हसू आवरलेलं. तेव्हा समजलं. ती 'बरं' म्हणाली होती. 'म' काय अन् 'ब' काय, ओठ सारखेच मिटतात. मिलमधी असं चुकलं तर आम्ही हातानं खूण करून घेत होतो.

मंग पुढचा सिनेमा मले नीट दिसलाच नाही.

तू नागपूरले निघाली तो दिवस मले दिसू लागला. बुढीचं, तुझ्या आईचं, खुब्याचं हाड मोडलं होतं अन् तू महिनाभर जाते म्हणाली होती. आदल्या रातीले आपलं भांडण झालं होतं. मोनालीनं तुझं एसीचं तिकीट काढलं होतं, म्हणून खिडकी बंद. तू काचेच्या आत, मी प्लॅटफॉर्मवर. तू माझ्याकडे पाहिलं अन् काही बोलली. मी वाचलं, "मर येथंच." अन् मी वळून चालू लागलो. गाडी सुटायची वाटही पाहिली नाही.

तू पुढं आली नाही. मी न्यायले आलो नाही. आलो असतो कसा? माझ्या कानात शेवटचे शब्द तेच होते. कानात नाही, डोळ्यांत. त्या एका शब्दापायी आठ वर्षं गेली.

आता सवाल असा आहे. तू "मर येथंच" म्हणाली होती, की "बरं, येतेच"?

एवढंच लिहून पाठव. दुसरं काही नाही लिहिलं तरी चालेल.

देवीदास

•

भनपुरी, रायपूर
९ डिसेंबर २०२४

सरला,

तुझं उत्तर आलं नाही. न देण्याचाही तुले हक आहे. पण मले आता गप्प बसवत नाही, म्हणून पुन्हा लिहून राहिलो.

मागच्या आठवड्यात मोनाली आली तेव्हा मी तिले माझ्यासमोर उभं केलं. म्हटलं, "आवाज न काढता बोल. एकदा म्हण, मर येथंच. एकदा म्हण, बरं येतेच. मनाले वाटेल तसं, उलटसुलट. मी ओळखतो."

तिले वाटलं, बाबाचा टाईमपास चालू आहे. ती हसत हसत करू लागली. मी सांगत गेलो. बरं. मर. मर. बरं. ती मान हलवत गेली, कधी हो, कधी नाही. अर्ध्याच्या वर चुकलो, सरला. जिचं तोंड मी जन्मापासून पाहून राहिलो, त्या माझ्या पोरीचे ओठ मले धड वाचता नाही आले, दोन हात अंतरावर उभी असून. अन् मी काचेतून तुझे वाचले अन् त्यावर बसून राहिलो.

मोनालीनं विचारलं, "ये किसलिए करवा रहे हो?"

मी तिले स्टेशनचं सांगितलं. मी कधी कोणाले सांगितलं नव्हतं. ती ऐकत होती अन् तिचं तोंड बदलत गेलं. मंग ती बोलू लागली, इतकी भराभर की मले काही कळेना. मी म्हटलं, हळू. ती मोबाईल घेऊन बसली. लिहिलं ते जसंच्या तसं उतरून देतो.

"मम्मी दो साल तक हर फ़ोन पे पूछती थी, बाबा कधी येऊन राहिले. नानी की तेरहवीं वाले दिन भी दरवाज़े की तरफ़ देख रही थी. उसने मुझे क़सम दी थी कि बाबा को मत बताना, बुलाने से आएँ तो क्या आएँ. मैंने नहीं बताया. मैं समझी आपको पता है और आप नहीं जाना चाहते."

आपल्यात तेरवी नसते, तो पुण्यानुमोदनाचा दिवस होता, पण पोट्टीच्या शाळेतल्या मैत्रिणी साऱ्या येथच्याच, शब्दही त्यांचेच. ते जाऊ दे.

बुढी गेली तेव्हा मी मोनालीले अन् जावयाले पाठवलं अन् स्वतः घरी बसून राहिलो. सगळ्यांच्या समोर तू तोंड फिरवशील, असं माझ्या मनात होतं. त्या दिवशी मी चूल नाही पेटवली. बाबासाहेबांच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली अन् बुढीले म्हटलं, माफ कर. ती मले 'देवीदासबापू' म्हणायची, हसवाले. तिच्या हातचा बेसनाच्या चुनवडीचा रस्सा... राहू दे. तू त्या वेळी दाराकडे पाहून राहिली होती, हे मले तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी पायी निघालो असतो. आता सांगून राहिले, जेव्हा जायले दारच नाही.

मोनाली रडत होती अन् मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. ती लहान होती तेव्हा तिचं रडणं मले पहिले ऐकू यायचं, तुझ्याही आधी, आठवते? तू म्हणायची, बाप आहे की घंटी. आता ती माझ्या छातीवर डोकं ठेवून रडून राहिली होती अन् मले नुसते हुंदक्यांचे धक्के लागत होते.

सिनेमाचा शेवट मी मागच्या पत्रात लिहिला नव्हता. मोनालीकडून पुन्हा समजून घेतला, कारण तेव्हा लक्ष नव्हतं. खूप वर्षांनी तो पोरगा परत येते. केस पिकलेले. नदीवर तीच होडी, वल्हं मारणारी तीच, तीही पिकलेली. तो बसते. ती होडी ढकलते. दोघांनी एकमेकांले ओळखलं आहे, आपल्याले दिसते. आता पाटी येईल, आता पाटी येईल असं आपण बसून राहतो. पाटी येतच नाही. तो वाट पाहते की ती बोलेल, ती वाट पाहते की तो बोलेल. काठ येते. तो उतराई देते, ती घेते. संपलं.

मोनाली म्हणते की तेव्हा पेटीवाला अन् तबलावाला, दोघांनीही वाजवणं बंद केलं होतं. मले ते समजलं नव्हतं. मले वाटलं, बोटंच बधिर झाली.

देवीदास

•

इंदोरा, नागपूर
२८ डिसेंबर २०२४

मोनालीचे बाबा,

जय भीम. दोन्ही पत्रं मिळाले. पहिलं वाचून गादीखाली ठेवून दिलं होतं. दुसरं आल्यावर मोनालीले फोन केला अन् तिच्यावर चिडली, की कसम घातलेलं काहून सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, मैं तुम दोनों के बीच में थक गई हूँ." तिचंही खरं आहे. आपण दोघांनी तिले फोनच्या तारेसारखं वापरलं.

तुम्ही विचारलं ते सांगते.

मी "मर येथंच" म्हणाली नाही. "बरं, येतेच" पण म्हणाली नाही. मी तुमच्याशी बोललीच नव्हती. माझ्या बाजूच्या सीटवर एक बाई येऊन बसली, तिच्या पायाजवळ माझी थैली होती. ती म्हणाली, ताई, थैली उचलून घ्या. मी म्हटलं, "बरं, घेतेच." नजर तुमच्याकडे होती, तोंड तिच्याशी बोलत होतं. थैली उचलून वर पाहिलं तर तुम्ही चालले होते. मले तुमची पाठ दिसली, निळा शर्ट. गाडी सुटली तेव्हा प्लॅटफॉर्मवर तुम्ही नव्हते.

मी तिथं बसल्यापासून तुमच्याकडेच पाहत होती. कशासाठी, ते सांगते. तुम्ही काही बोलाल म्हणून. काच होती तर मले ऐकू नसतं आलं, पण तोंड हललेलं तर दिसलं असतं. तुमचा कान गेला होता, मोनालीचे बाबा. जीभ नव्हती गेली.

कान जाऊ लागले तसं तुम्ही बोलणंही बंद केलं. मी ओरडून बोलायची, सारा पारा, सारा मोहल्ला, ऐकायचा आपल्या घरात भाजी कोणती आहे. तुम्ही नुसती मान हलवायचे. मी विचारलं काय झालं, मान. जेवता का, मान. आदल्या रातीले मी भांडली ते यासाठीच भांडली होती. तुम्ही काय उत्तर दिलं? उठून दुसऱ्या खोलीत गेले.

तुम्ही लिहिता की एका शब्दापायी आठ वर्षं गेले. मले तसं नाही वाटत. शब्द नाही समजला तर माणूस दुसऱ्यांदा विचारते. तुम्ही नाही विचारलं. मीही नाही विचारलं, की येऊन काहून नाही राहिले. मी पोरीले विचारत राहिली, नवऱ्याले नाही विचारलं. मले वाटलं, जो माणूस गाडी सुटेपर्यंत थांबला नाही, तो काय येईल. असं दोघांचं आहे. सगळं तुमच्याच माथी मारत नाही.

आई शेवटी शेवटी भ्रमात होती. देवीदासबापू आले का, असं विचारायची. मी म्हणायची, येऊन गेले, तू झोपली होती. एवढं तुम्हाले माहीत असावं.

मी येथं मेस चालवते. होस्टेलच्या पोट्ट्या जेवाले येतात. सकाळ-संध्याकाळ हात रिकामा नसतो. तब्येत ठीक आहे, गुडघे दुखतात.

'या' असं म्हणत नाही. येऊ नका असंही म्हणत नाही. दुपारी मले काम नसते.

सरला

•

भनपुरी, रायपूर
२० जानेवारी २०२५

सरला,

घरी नीट पोचलो. तू बांधून दिलेल्या पोळ्या गोंदियाच्या पुढं खाल्ल्या.

मी तुझ्या दारात आलो तेव्हा काय झालं, ते तुले माहीत आहे. पण मले जे दिसलं ते तुले नसणार दिसलं, म्हणून लिहितो. ठरवून आलो होतो की दुपारी येईन, पण गाडी लवकर पोचली अन् मले स्टेशनवर बसवेना. तुझ्या खोलीत पंगत बसलेली. पोट्ट्या वाढून घेऊन राहिल्या. तू मोठ्या गंजातून वरण काढत होती. केस पांढरे झाले तुझे. मोनालीनं फोटो दाखवले होते, पण फोटोत ते तसे नाही दिसत. तू वर पाहिलं. तुझे ओठ हलले, अन् हे मात्र मी बरोबर वाचलं. "चपला बाहेर काढा."

मंग मी बोललो. गाडीत बसून सगळं पाठ केलं होतं. पण माझा आवाज केवढा निघते हे मले कळत नाही, हे मी विसरलो. "सरला, मी तुले न्यायले यायले पाहिजे होतं. बुढी गेली तेव्हा यायले पाहिजे होतं. मी नाही आलो. मी चुकलो." पोट्ट्यांचे हात ताटातच थांबले. एकीच्या हातातला पापड तसाच. तू हातानं खूण केली, हळू, हळू. तेव्हा समजलं की मी ओरडून राहिलो होतो. इंदोऱ्यानं सारं ऐकलं असेल. एका पोट्टीनं डोळे पुसले, ते मी पाहिलं.

तू मले बाजूले बसवून जेवाले वाढलं. तेव्हा तू माझ्याकडे पाठ फिरवून कढईकडे तोंड करून काहीतरी बोलली. खांदे हलले तुझे. ते मले वाचता नाही आलं. पहिले मी अशा टायमाले मान हलवून देत होतो. मी उठलो, तुझ्या समोर येऊन उभा राहिलो अन् म्हटलं, "पुन्हा सांग." तू म्हणाली, "मीठ कमी आहे का, ते विचारलं." मी म्हटलं, कमी नाही. एवढंच होतं. पण मी विचारलं.

पोट्ट्या गेल्यावर आपण ओसरीवर बसलो. तू माझ्याकडे तोंड करून, एकेक शब्द तोडून बोलली, म्हणून सगळं समजलं.

मी म्हटलं, "चल घरी."

तू म्हणाली, "नाही."

मी म्हटलं, "रागानं?"

तू म्हणाली, "राग कधीचा गेला. हे माझं घर आहे आता. येथं मी काही बोलली तर कोणीतरी उत्तर देते. पोट्ट्या मले ताई म्हणतात, भांडतात, रुसतात, सांगतात. मले या वयात पुन्हा भिंतीशी नाही राहाचं."

मी भिंत होतो, हे मले माहीत होतं. तुझ्या तोंडून पाहिलं तेव्हा कसं लागलं ते कसं सांगू? तू शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तू तर नुसती एखाद्या जागेबद्दल सांगावं तसं सांगितलं.

मी म्हटलं, "मंग मी काय करू?"

तू म्हणाली, "बोला."

"काय बोलू?"

"जे असेल ते. रविवारी दुपारी मले फुरसत असते. फोन करा."

मी म्हटलं, "सरला, फोनवर मले ऐकू येत नाही."

तू म्हणाली, "मले येते."

गाडीत मी तेच घोळवत आलो. तू हसून म्हणाली की न हसता, हेही मले आता ठरवता येत नाही. खिडकीच्या काचेत माझंच तोंड दिसत होतं. डोंगरगढपर्यंत बाजूचे भैया माझ्याकडे पाहून राहिले होते, म्हणजे मी पुटपुटत असेन.

मी येतो. पुढच्या वेळी दुपारीच येतो.

देवीदास

•

भनपुरी, रायपूर
३ मार्च २०२५

सरला,

आता पत्राचं काम नाही, तरी हे एक लिहितो, कारण हे फोनवर सांगता येत नाही.

पहिल्या रविवारी फोन लावला तेव्हा मोनालीले बाजूले बसवलं होतं. तू उचलला की नाही हे मले कसं कळणार? तिनं दाखवलं, "बाबा, ये देखो, जब उठाएगी तो यहाँ टाइम चलने लगेगा. जब तक चल रहा है, मम्मी है." एवढं सांगून ती बाहेर जाऊन बसली. मले लाज वाटू नये म्हणून.

मी फोन कानाले लावतच नाही. टेबलावर ठेवतो अन् त्या आकड्यांशी बोलतो. पहिल्या दिवशी काय बोललो, आठवते? भाजीचे भाव. वीज गेली होती ते. मंग मोनालीच्या नवऱ्याची बदली. बोलाची सवयच गेली आहे, सरला, एक वाक्य झालं की दुसरं शोधावं लागते. मंग एका रविवारी सिनेमा सांगाले घेतला, 'चंदनहोडी', पहिल्यापासून. तू हसली का, रडली का, मले माहीत नाही. मी मधेच थांबून आकड्यांकडे पाहत होतो अन् पुढं सांगत होतो. लग्न झाल्यावर आपण टॉकीजमधी जायचो तेव्हा तू मधल्या सुट्टीतच शेवट सांगायची अन् मी चिडायचो. तुझं बरोबर निघायचं. तेव्हा किती बोलायचो आपण, रिक्षात, घरी येईपर्यंत, स्वैपाक करताना. ते सगळं मले ऐकू येत होतं अन् मी धड ऐकलं नाही.

काल रविवार होता. मी फोन लावला. आकडे चालू झाले. तब्येतीचं सांगितलं, नळाचं सांगितलं, सिलतऱ्याच्या जुन्या दोस्ताची पोरगी पाहाले पाहुणे आले होते ते सांगितलं. मंग संपलं. खरंच संपलं, काही सुचेना. मी म्हटलं, "ठेवतो आता." पण बोट पुढं गेलं नाही. मले वाटलं तूच ठेवशील.

मी तसाच बसलो. बाहेर ट्रक जात होते, टेबल थरथरत होता. तुझ्याकडे ओट्यावर काही काम चालू असेल, की तू बसलेली असशील, मले काय माहीत? तू काही बोलत होती का, तेही नाही माहीत. मी काही बोलत नव्हतो.

आकडे चालूच होते.

देवीदास